सिसेरोचं घर: कायद्याने परत मिळालं, देवाधर्माने की तोंडाच्या जोरावर?

बखरवाला (धागाकर्ता)

रोमन कायदा म्हटलं की लोक थेट जस्टिनियनच्या संहितेवर जातात. मला मात्र त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षं आधीच्या जागेच्या एका भांडणाबद्दल विचारायचंय.

प्रकरण असं. इ.स.पू. ६३ मध्ये रोमचा नामांकित वक्ता सिसेरो कॉन्सल, म्हणजे वर्षभरासाठीचा सर्वोच्च अधिकारी, असताना कॅटिलिनाचा सत्ता उलथवायचा कट उघडकीला आला. त्याने पाच कटवाल्यांना खटला न चालवता तुरुंगात गळा आवळून मारवलं. सिनेट पाठीशी होतं, पण रोमन नागरिकाला दाद मागू न देता मारायची सोय कायद्यात नव्हती. पाच वर्षांनी, इ.स.पू. ५८ मध्ये, त्याचा हाडवैरी पब्लियस क्लोडियस ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेचा प्रतिनिधी, झाला आणि त्याने नेमकं हेच धरून कायदा आणला. सिसेरो शहर सोडून गेला. मागोमाग पॅलाटाइन टेकडीवरचं त्याचं घर लुटलं, जाळलं. मग क्लोडियसने त्या जागेवर लिबर्टास, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचं ठाणं उभारलं आणि पुरोहित बोलावून प्रतिष्ठा करून टाकली. आता जागा देवीची. मालक उद्या परत आला तरी ती मागणार कोणाकडे?

मालक परत आला. इ.स.पू. ५७ च्या ४ सप्टेंबरला रोममध्ये, आणि २९ सप्टेंबरला पोंटिफांच्या मंडळापुढे उभा. न्याय देणारे पुरोहित, वकील आणि फिर्यादी एकच, मुद्दा विधीचा. आणि तो जिंकला.

प्रश्न सरळ आहे: जिंकला कशावर? या भाषणाचं कौतुक फार होतं. माझं मत असं की निकाल त्याशिवायही तोच लागला असता. हवा बदलली होती, पोंटिफांना फक्त निमित्त हवं होतं. जाणकारांनी बोलावं.

उडाणटप्पू

म्हणजे रातोरात दगडाला शेंदूर फासून दुसऱ्याचा प्लॉट अडवायचा, ही आयडिया आपली नव्हेच!

बखरवाला

@उडाणटप्पू, शेंदूर फासणाऱ्याकडे कागद नसतो. याच्याकडे लोकांच्या सभेत मंजूर झालेला कायदा होता आणि मंत्र सांगायला खराखुरा पोंटिफ होता. म्हणून तर भानगड.

गोदाकाठ

वाचते आहे. एक बाळबोध शंका. पोंटिफ म्हणजे पुजारी ना? मग जागेचा वाद पुजाऱ्यांकडे कसा गेला? दिवाणी कोर्ट नव्हतं का?

एडिनबर्गकर

गोदाकाठ, पुजारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे देवळात राहणारा, तेवढंच काम करणारा माणूस येतो. रोममध्ये तसं नव्हतं. पोंटिफ हे सिनेटमधलेच बडे लोक, आयुष्यभरासाठी नेमलेले. हुकूमशहा सुल्लाने त्यांची संख्या पंधरावर नेली. मुख्य पोंटिफ त्या वेळी कोण? ज्यूलियस सीझर. तो तेव्हा गॉलमध्ये लढत होता, त्यामुळे बैठकीला गैरहजर.

हजर कोण होते याची यादी सिसेरोने पुढच्या वर्षीच्या एका भाषणात दिलीय. त्यात लेंटुलस आहे, तोच त्या वर्षीचा कॉन्सल आणि सिसेरोला परत आणायचा ठराव रेटणारा. मार्कस लुकुलस आहे. आणि मार्कस क्रॅसस आहे. हा क्रॅसस म्हणजे ज्याने हेच घर सिसेरोला विकलं होतं! आजच्या भाषेत सांगायचं तर विकणारा बाकावर बसलाय आणि घेणारा पुढे उभा आहे. कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

वाद यांच्याकडे का गेला, तर घर कोणाचं हा मुद्दा नव्हताच. जागा खरोखर देवीला लागू झाली की नाही, एवढंच ठरवायचं होतं. ते ठरवणार पोंटिफ.

कोर्टाची_पायरी

चाळीस-एक वर्षं काळा कोट घातला, आता घरी बसून वाचतो. आमच्या वेळी एलएलबीला रोमन लॉचा पेपर असायचा, त्यामुळे हा धागा दिसल्यावर राहवेना.

गोदाकाठताई, तुमची शंका बाळबोध नाही. उलटा प्रश्न विचारा: पुरोहितांच्या हातातून कायदा बाहेर कधी आला? सुरुवातीला सगळा कायदा त्यांच्याच कोठारात होता. बारा फलकांचा कायदा इ.स.पू. ४५१-४५० मध्ये जाहीर झाला, तो सगळ्यांना वाचता येत होता. पण दावा लावायचा कसा, कोणत्या शब्दांत, हे पोंटिफांना ठाऊक. आणि लावायचा कधी, हेही. पंचांगातले काही दिवस निषिद्ध, त्या दिवशी प्रेटरने, म्हणजे न्याय देणाऱ्या अधिकाऱ्याने, न्यायदानाचे शब्द उच्चारायचेच नाहीत. पंचांग कोणाकडे? पोंटिफांकडे. पक्षकाराने आधी त्यांच्या दारात जायचं, मग न्यायासनापुढे.

शब्दांचा काच किती होता ते गायस या रोमन कायदेपंडिताने सांगितलंय. एकाच्या द्राक्षवेली कोणी तोडल्या. त्याने दाव्यात 'वेली' म्हटलं. बारा फलकांत शब्द होता 'झाडं'. दावा गेला! मंत्रात अक्षर चुकलं तर फळ नाही, हाच हिशेब.

इ.स.पू. ३०४ मध्ये ग्नेयस फ्लावियस नावाच्या माणसाने हे फोडलं. बाप गुलामगिरीतून सुटलेला, हा स्वतः कारकून. त्याने दाव्यांचे मसुदे बाहेर काढले आणि पंचांग पांढऱ्या फळ्यांवर लिहून फोरमभोवती, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाभोवती, लावलं. बड्या लोकांचा जळफळाट झाला, पण गेलं ते गेलं.

तिरकस

पहिला आरटीआय कार्यकर्ता.

एडिनबर्गकर

@कोर्टाची_पायरी, काका, यात एक गंमत जोडतो. फ्लावियस कारकून होता तो आंधळ्या आपियस क्लॉडियसचा. पोम्पोनियस हा कायदेपंडित सांगतो की मसुदे आपियसनेच रचले होते आणि कारकुनाने वही पळवून लोकांना दिली. आणि हा आपियस म्हणजे आपल्या धाग्यातल्या क्लोडियसचा पूर्वज. पुरोहितांची विद्या चव्हाट्यावर आणायची खोड घराण्यातच असावी.

शमिका

मला क्लोडियसबद्दल वाचायला आवडेल. हा तोच ना, जो बायकांच्या पूजेत बाईचा वेष करून घुसला होता?

झुळूक

तोच! इ.स.पू. ६२ चा डिसेंबर, बोना डेआ देवीची रात्रीची पूजा, पुरुषांना मज्जाव. पूजा सीझरच्या घरी. हा पठ्ठ्या वीणावाली बनून आत गेला, एका दासीने आवाजावरून ओळखलं आणि पळापळ झाली. सीझरने बायकोला सोडलं, पण क्लोडियसविरुद्ध बोलला नाही. खटल्यात क्लोडियस म्हणाला, मी त्या दिवशी रोममध्येच नव्हतो. सिसेरोने साक्ष दिली की हा त्याच दिवशी माझ्या घरी येऊन गेला. बास, तिथून वैर.

पंचांपैकी २५ जणांनी दोषी म्हटलं, ३१ जणांनी निर्दोष. पुढे सिनेटमध्ये क्लोडियस म्हणाला, पंचांनी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. सिसेरो म्हणाला, २५ जणांनी माझ्यावर ठेवला. ३१ जणांनी तुझ्यावर ठेवला नाही, त्यांनी आधी पैसे मोजून घेतले!

सदाशिव_खवचट

असा माणूस पुढे देवीचं ठाणं उभारतो आणि धर्मरक्षक म्हणवतो. दोन हजार वर्षांत काही बदललेलं नाही, चालू द्या.

ऋचा_के

@बखरवाला, तुमच्या मुद्द्याशी अजिबात सहमत नाही. भाषण वाचलंत का पूर्ण? मी इंग्रजीतून वाचलंय, दोन बैठकांत.

पहिला चतुर्थांश वाचून मलाही वाटलं होतं की हा माणूस विषय सोडून काय बोलतोय. घर राहिलं बाजूला आणि सेनानी पॉम्पीला धान्यपुरवठ्याचे अधिकार देण्याचं समर्थन चालू आहे. पण त्याला कारण होतं. परत आल्याआल्या त्याने तो प्रस्ताव मांडला आणि पोंटिफांमधल्या काही जुन्या वळणाच्या लोकांना ते आवडलं नव्हतं. न्यायाधीश नाराज आहेत हे माहीत असताना वकील आधी ती नाराजी काढणार की थेट मुद्द्यावर येणार? वक्तृत्वाची शाळा हेच शिकवते.

मग तो क्लोडियसचं ट्रिब्यूनपदच उपटून काढायला जातो. क्लोडियस जन्माने पॅट्रिशियन (जुन्या उमराव कुळातला), आणि ट्रिब्यून व्हायला प्लीबियन (सामान्य कुळातला) असावं लागतं. म्हणून इ.स.पू. ५९ मध्ये तो फॉन्टेयस नावाच्या प्लीबियन माणसाला दत्तक गेला. दत्तक बापाचं वय वीस! मुलगा बापापेक्षा मोठा. नाव बदललं नाही, घर बदललं नाही, दत्तक झाल्याझाल्या बापाने मोकळाही केला. आणि हे घडलं कसं? सिसेरो सांगतो: दिवसाच्या सहाव्या तासाला, म्हणजे मध्यान्हीला, मी एका खटल्यात देशाच्या परिस्थितीबद्दल काही तक्रारीचं बोललो. ते शब्द काही थोरांच्या कानावर गेले. त्याच दिवशी नवव्या तासाला क्लोडियस दत्तक गेलेला होता. तीन बाजारांची नोटीस द्यायचा नियम, इथे सगळं तीन तासांत उरकलं. मुख्य पोंटिफ सीझर आणि शकुन पाहणारा पॉम्पी, दोघं जातीने हजर.

हे पोंटिफांपुढे बोलायचा अर्थ लक्षात घ्या. दत्तकाची चौकशी करणं पोंटिफांचं काम. मुलगा एका कुळातून दुसऱ्यात गेला की पहिल्या कुळाचे कुळाचार सुटतात, म्हणून आधी पाहायचं की ते बुडणार तर नाहीत. सिसेरो त्यांना विचारतोय, तुम्हाला कोणी विचारलं तरी होतं का? समोरच्याच्या अपमानाला हात घालून त्याला आपल्या बाजूला ओढणं, याला मी वक्तृत्व म्हणते. तुम्ही निमित्त म्हणा हवं तर.

बखरवाला

वाचलंय. आणि तेच वाचून म्हणतो की दत्तकाचा मुद्दा निकालात कुठेच आलेला नाही. मुळात तो मानला असता तर क्लोडियसने ट्रिब्यून म्हणून केलेलं सगळंच रद्द, आणि सीझरचं त्या वर्षीचं कामही धोक्यात. एवढं धाडस पोंटिफ करणार नव्हते. म्हणजे ऋचाताई, तुम्ही ज्याला भाषणाचा कळस म्हणता तो भाग वाया गेला.

ऋचा_के

वाया नाही गेला. मोठी मागणी पुढे ठेवली की छोटी मागणी वाजवी वाटते. भाजी बाजारात उभं राहून बघा कधी.

शमिका

दत्तकाबद्दल. आपल्याकडेही दत्तक गेला की गोत्र बदलतं, जन्मदात्याला पिंड द्यायचा अधिकार जातो. रोममध्ये वारसा आणि पूर्वजांचे विधी असेच एकत्र बांधलेले होते का?

कोर्टाची_पायरी

होय, आणि हे साम्य इंग्रज कायदेपंडित हेन्री मेनने १८६१ मध्येच दाखवलं होतं. पुढच्याच वर्षी तो व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य म्हणून इथे आला.

रोमन नियम असा की संपत्ती घ्याल तर तिच्याबरोबर मृताच्या कुळाचे विधीही चालवायचे. नियम पोंटिफांनी केला. खर्चिक काम, त्यामुळे पळवाटा निघाल्या, आणि त्या पुन्हा पोंटिफांनीच काढल्या! स्केवोला बापलेक, दोघंही मुख्य पोंटिफ आणि दोघंही नामांकित कायदेपंडित. मृत्युपत्रात अमुक इतकी रक्कम वजा लिहा म्हणजे विधींची जबाबदारी लागणार नाही, अशा युक्त्या त्यांच्या नावावर आहेत. सिसेरोने आपल्या 'कायद्यांविषयी' या ग्रंथात त्यावर चांगलंच सुनावलंय: धर्मशास्त्र तुम्हीच शिकवता आणि दिवाणी कायद्याचं ज्ञान वापरून ते तुम्हीच बुडवता. थोरल्या स्केवोलाचं म्हणणं असायचं की दिवाणी कायदा येत नसेल तर चांगला पोंटिफ होता येत नाही. सिसेरोचा सवाल असा की भिंतीच्या आणि पाण्याच्या वादाशी पोंटिफाचा संबंध काय?

तिरकस

टॅक्स कन्सल्टंट आणि टॅक्स ऑफिसर एकच माणूस. स्वर्ग.

गोदाकाठ

हे सगळं वाचून खरं विचारायचं ते हे: या लोकांचा देवावर विश्वास तरी होता का? की सगळा देखावाच?

सदाशिव_खवचट

देखावा. पुढचा प्रश्न.

एडिनबर्गकर

खवचटराव, इतकं सोपं नाही ते. सिसेरो स्वतः इ.स.पू. ५३ मध्ये शकुन पाहणाऱ्या मंडळाचा सदस्य झाला, त्याचा त्याला अभिमानही होता. आणि इ.स.पू. ४४ मधल्या त्याच्या शकुनांवरच्या ग्रंथात तोच माणूस भविष्य सांगण्याच्या सगळ्या प्रकारांची साल काढतो. काटोचं ते वाक्य त्यातच आलंय, की आतडी पाहून भविष्य सांगणारा एक दुसऱ्याला भेटला की त्यांना हसू कसं आवरतं. पण त्याच ग्रंथात तो म्हणतो की पूर्वजांचे विधी राखणं शहाण्या माणसाचं काम आहे.

मला वाटतं आपण चुकीच्या जागी शोधतो. तुझ्या मनात काय आहे हे रोमन धर्म विचारत नाही. तू काय केलंस, कोणत्या शब्दांत, कोणाच्या परवानगीने, हे विचारतो. विधी बरोबर झाला तर देवाशी करार पक्का, चुकला तर पुन्हा करा. कायदाही हेच विचारतो. त्यामुळे सिसेरो जेव्हा पोंटिफांना प्रतिष्ठेतले दोष दाखवतो तेव्हा तो धर्मात राजकारण घुसवत नाहीये. त्यांच्या दृष्टीने तो धर्माबद्दलच बोलतोय.

उडाणटप्पू

दोष कोणते ते सांगा की राव. मेन कोर्स कधी येणार?

ऋचा_के

घ्या.

प्रतिष्ठेच्या वेळी पोंटिफ दाराची चौकट धरतो आणि शब्द सांगतो, प्रतिष्ठा करणारा ते म्हणतो. क्लोडियसने कोणाला आणलं? लुसियस पिनारियस नट्टा. क्लोडियसचा मेहुणा, वयाने तरुण, मंडळात नवा. बाकी एकाही पोंटिफाला विचारलेलं नाही. सिसेरो रंगवतो की तो पोरगा घाबरलेला, शब्द विसरतोय, अडखळतोय, आणि क्लोडियस स्वतः घाईत. खरं खोटं देव जाणे, सिसेरो तेव्हा शेकडो मैल लांब होता!

मग मूर्ती. सिसेरोच्या म्हणण्याप्रमाणे ती लिबर्टासची नव्हतीच. तनाग्रा गावच्या एका गणिकेच्या थडग्यावरचा संगमरवरी पुतळा, क्लोडियसच्या भावाने एडाइलपदाच्या (सार्वजनिक उत्सव भरवणारं पद) उत्सवासाठी ग्रीसमधून उचलून आणलेला. नागरिकांची स्वातंत्र्यदेवी म्हणून थडग्यावरची बाई! इथे सभेत हशा पिकला असणार.

मग जागा. देवीला मिळालेला तुकडा छोटा. बाकी क्लोडियसला स्वतःसाठी हवं होतं, तीनशे फुटांचा फरसबंद सोपा (ओसरी), पॅलाटाइनवरून दिसणारा सुंदर देखावा. शेजारच्या सेयसने घर विकायला नकार दिला, तर त्याला विष घालून मारलं असाही आरोप सिसेरो करतो.

सदाशिव_खवचट

बिल्डर लॉबी. बोललो ना, काही बदललेलं नाही.

कोर्टाची_पायरी

ऋचाताईंनी छान मांडलं, पण एक सांगतो. मेहुणा, मूर्ती, सोपा, विष, ही सगळी वातावरणनिर्मिती. यातल्या एकाही मुद्द्यावर प्रतिष्ठा कायद्याने बाद होत नाही. बाद होते ती पापिरियस कायद्यावर: लोकांच्या सभेच्या हुकुमाशिवाय कोणी इमारत, जमीन किंवा वेदी देवाला वाहू नये. क्लोडियसच्या कायद्यात त्याला हे काम नावानिशी सोपवलेलं आहे का? सिसेरो म्हणतो, नाही.

आणि नुसतं म्हणत नाही, पूर्वीचे निकाल काढतो. सेन्सॉर (जनगणनेचा अधिकारी) गायस कासियस, इ.स.पू. १५४. त्याला सिनेटच्या सभागृहात कॉन्कॉर्डिया देवीची मूर्ती बसवून जागा तिला अर्पण करायची होती. पोंटिफांनी कळवलं, लोकांनी तुला नाव घेऊन नेमलं नसेल तर प्रतिष्ठा रीतसर होणार नाही. दुसरा निकाल इ.स.पू. १२३ चा. लिकिनिया नावाची व्हेस्टल, खुद्द अग्निदेवतेची कुमारी पुजारीण, तिने एका खडकाखाली वेदी वाहिली. पोंटिफांनी उत्तर दिलं, लोकांचा हुकूम नव्हता, वेदी पवित्र नाही. आता बोला. व्हेस्टलची वेदी टिकली नाही तर या मेहुण्याची टिकणार?

मी बेंचवर असतो तर एवढ्यावरच निकाल दिला असता आणि बाकी भाषण ऐकताना डुलकी काढली असती.

अवांतर: आपल्याकडे मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, १९२५ चा प्रिव्ही कौन्सिलचा मलिक निकाल प्रसिद्ध आहे. देव दावा लावू शकतो, मालक असू शकतो. रोमन लॉमध्ये गायस उलट सांगतो, देवाला वाहिलेली वस्तू कोणाच्याच मालकीची नसते. ती व्यवहारातूनच बाहेर जाते. म्हणून सिसेरोला देवीविरुद्ध दावा लावायची सोय नव्हती. जागा मुळात देवीपर्यंत पोचलीच नाही, एवढाच रस्ता उघडा होता.

गोदाकाठ

काका, हे अवांतर नाही, हाच गाभा आहे. आत्ता कळलं की लढाई प्रतिष्ठेच्या विधीवर का झाली.

झुळूक

घराबद्दल थोडं गॉसिप चालेल ना?

सिसेरोने हे घर क्रॅससकडून ३५ लाख सेस्टर्सला (रोमन नाणी) घेतलं. मित्राला पत्रात लिहितो, आता इतका कर्जात आहे की कोणी घेत असेल तर कटात सामील व्हायची तयारी आहे! कॅटिलिनाचा कट मोडून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा.

औलस गेलियस हा रोमन लेखक एक किस्सा सांगतो. पैसे कमी पडले म्हणून सिसेरोने पब्लियस सुल्लाकडून (हा हुकूमशहा सुल्ला नव्हे) गुपचूप वीस लाख घेतले, आणि सुल्ला तेव्हा आरोपी. बातमी फुटली. सिसेरो म्हणाला, साफ खोटं, मी ते घर घेतलं तर खरं समजा. मग घर घेतलं! सिनेटमध्ये लोकांनी धरलं तेव्हा हसत म्हणाला, तुम्हाला व्यवहार कळत नाही, घर घ्यायचंय हे शहाणा कुटुंबप्रमुख आधी सांगतो का, भाव वाढवायला?

आणि त्या जागेवरचं मूळ घर मार्कस ड्रुससचं. आर्किटेक्ट त्याला म्हणाला, असं बांधतो की बाहेरून कोणाला आत दिसणार नाही. ड्रुसस म्हणाला, अंगात कला असेल तर असं बांध की मी काय करतो ते सगळ्यांना दिसेल.

तिरकस

सध्याच्या फ्लॅट सिस्टीमने ड्रुससचं स्वप्न पूर्ण केलं आहे.

शमिका

एक कळत नाही. क्लोडियसला नुसतं घर पाडून समाधान का नव्हतं? देवी कशाला मध्ये?

एडिनबर्गकर

परत बांधता येऊ नये म्हणून, हे एक. आणि दुसरं, रोममध्ये घर पाडून जागा मोकळी ठेवणं किंवा देवाला देणं ही राजा होऊ पाहणाऱ्याची शिक्षा होती. स्पुरियस माएलियस, स्पुरियस कासियस, मार्कस मॅनलियस, या सगळ्यांची घरं परंपरेनुसार अशीच गेली. कासियसच्या घराच्या जागी तर पृथ्वीदेवीचं देऊळ दाखवायचे. क्लोडियसने सिसेरोला त्या रांगेत उभं केलं: याने नागरिकांना खटल्याविना मारलं, हा जुलमी, याच्या चुलीवर आता स्वातंत्र्यदेवी बसेल. रोज फोरममधून वर पाहणाऱ्याला ते दिसणार. भाषणं करून सिसेरोने जे कमावलं त्याला क्लोडियसने एका इमारतीने उत्तर दिलं. माणूस गुंड होता, पण बुद्धू नव्हता.

म्हणून सिसेरोही भाषणात ही यादी स्वतःच काढतो आणि विचारतो, मी यांच्या पंगतीतला का? प्रश्न विटामातीचा राहिला नव्हता.

ऋचा_के

@एडिनबर्गकर, +१. आणि म्हणूनच बखरवाल्यांना सांगते की तुम्ही भाषण फक्त निकालाशी ताडून पाहताय. सिसेरोने आपल्या मित्राला, अटिकसला, लिहिलंय की आयुष्यात कधी मी बोलण्यात काही असेन तर त्या दिवशी होतो, दुःखानेच जोर दिला. आणि पुढे लिहितो की हे भाषण तरुणांना द्यायला उशीर करून चालणार नाही. म्हणजे श्रोते फक्त पोंटिफ नव्हते.

बखरवाला

त्याच पत्रात निकालाचा मजकूरही आहे, तो कोणीच दिला नाही म्हणून देतो. पोंटिफ म्हणाले: मी प्रतिष्ठा केली असं जो म्हणतो त्याला जर लोकांच्या हुकुमाने किंवा प्लीबियन सभेच्या ठरावाने नावानिशी त्या कामावर नेमलेलं नसेल, आणि तसं करायचा हुकूमही झालेला नसेल, तर जागेचा तो भाग मार्कस टुलियसला (म्हणजे सिसेरोला) परत देण्यात धर्मबाध दिसत नाही.

यातला 'जर' पाहा. नेमलं होतं की नव्हतं, हे पोंटिफ सांगतच नाहीत! मेहुणा नाही, पुतळा नाही, दत्तक नाही. कासियस आणि लिकिनियाच्या वेळचंच जुनं उत्तर झाडून पुसून पुढे ठेवलं. माझं म्हणणं हेच होतं. असं उत्तर द्यायला अख्खं भाषण कशाला हवं?

कोर्टाची_पायरी

हवं, कारण ते उत्तर दोन्हीकडे वळतं, आणि तसं ते वळवलंही गेलं. निकालानंतर लगेच क्लोडियस लोकांपुढे उभा राहिला आणि सांगू लागला की पोंटिफांनी माझ्या बाजूने कौल दिलाय, सिसेरो जबरदस्तीने जागा घ्यायला येतोय, चला, आपली लिबर्टास वाचवा!

दुसऱ्या दिवशी सिनेट. तिथे पोंटिफांना विचारलं, तुमचा अर्थ काय? मार्कस लुकुलसने सगळ्यांच्या वतीने उत्तर दिलं: धर्माचे न्यायाधीश पोंटिफ होते, कायद्याचं सिनेट. आम्ही धर्मापुरतं सांगून मोकळे झालो, आता सिनेटर म्हणून कायद्यावर मत देतो. आणि प्रत्येकाने सिनेटर म्हणून सिसेरोच्या बाजूने लांबलचक मत दिलं. तीच माणसं, तीच बूड, फक्त खुर्ची बदलली.

आता मला सांगा, त्या 'जर'चं उत्तर 'नव्हतं नेमलं' असं सिनेटच्या डोक्यात आधीच पक्कं कोणी केलं? पोंटिफ सगळे सिनेटरच. भाषण त्यांनी पहिल्या टोपीत ऐकलं आणि दुसऱ्या टोपीत वापरलं.

तिरकस

क्लोडियस त्या दिवशी गप्प बसला असेल असं वाटत नाही.

एडिनबर्गकर

जवळजवळ तीन तास बोलला, दिवस संपवायचा म्हणून. शेवटी सिनेटच्या आरडाओरड्याने थांबवला. मग सेरानस नावाच्या ट्रिब्यूनने नकाराधिकार वापरला. सगळे अंगावर आल्यावर रात्रभराची मुदत मागून घेतली. ठराव २ ऑक्टोबरला झाला.

आणि प्रकरण तिथेही संपलं नाही. ३ नोव्हेंबरला क्लोडियसच्या हत्यारबंद टोळीने बांधकामावरचे मजूर हाकलले, शेजारी भाऊ क्विंटसचं घर पेटवलं. पुढच्या वर्षी रोमजवळ जमिनीतून शस्त्रांचा खणखणाट ऐकू आला. एट्रुस्कन शकुनवाल्यांनी सांगितलं की पवित्र जागा भ्रष्ट केल्या जातायत. क्लोडियस लगेच: हे सिसेरोच्या घराबद्दलच! सिसेरोने तोच शकुन घेऊन उलटा क्लोडियसवर लावला आणि वर म्हणाला, अख्ख्या शहरात माझ्या घराइतकं कायद्याने पक्कं खासगी घर दुसरं नाही, याच्यावर पोंटिफांचा निकाल आणि सिनेटचा ठराव दोन्ही आहेत.

उडाणटप्पू

क्लिअर टायटल!

बखरवाला

@कोर्टाची_पायरी, टोपीचा मुद्दा मला पटतोय, अर्धा. भाषणाने सिनेट तयार झालं, मान्य. पण सिनेट तयार होतंच. त्याच सिनेटने ऑगस्टमध्ये त्याला परत बोलावण्याचा कायदा लोकांच्या सभेकडून करवून घेतला होता. मी अजून म्हणतो की 'जर' हा पोंटिफांचा, सिसेरोचा नाही. अशी जागा सोडून ठेवणारा मसुदा वक्त्याला सुचत नाही, त्याला पुरोहितच लागतो.

ऋचा_के

आणि ती सोडलेली जागा भरायला वक्ता लागतो. थांबू या, नाहीतर क्लोडियसचे तीन तास आपण पार करू.

झुळूक

नुकसानभरपाईचं कोणी बोललंच नाही! घराच्या इमारतीचे वीस लाख ठरवले, तुस्कुलमच्या बंगल्याचे पाच लाख, फोर्मियाच्या बंगल्याचे अडीच लाख. सिसेरो म्हणतो शेवटचे दोन आकडे फारच कंजूषपणाचे, सामान्य लोकांनीही नावं ठेवली. मग असं का झालं? लोक म्हणतात, तो लाजला, भांडला नाही म्हणून. तो म्हणतो तसं नाही, ज्यांनी माझे पंख कापले त्यांना ते पुन्हा फुटलेले नकोत.

कोर्टाची_पायरी

व्हॅल्युएशनवर पक्षकार खूश झालेला मी चाळीस वर्षांत पाहिला नाही. पण यात एक लक्षात घ्या, वीस लाख इमारतीचे आहेत, जमीन त्याची त्याला मिळालीच होती. ३५ लाखांत जमीन धरलेली. तेवढं वाईट मूल्यांकन नाही. फोर्मियाबद्दल मात्र मी अपील केलं असतं.